बास म्हणणारा माणूस

कोल्हापूर, रविवार

ती. अक्कास शशीचा शरणार्थ.

मी मजेत आहे. शिरोलीच्या कारखान्यात काम नीट चाललंय. कॉलेज सोडल्यापासून कुणाच्या अंगावर धावून गेलो नाही, एवढं आप्पांना आवर्जून सांग.

खांद्याचं तुझ्या कानावर आलं असेल तर घाबरू नकोस. माझ्या मैत्रिणीनं, अनुजानं, आठवडाभर फोन उचलला नाही, म्हणून जिममध्ये एकटाच रागारागानं वजन वाढवत गेलो आणि खांदा धरला. आता हात वर जातो.

स्वतंत्र ट्रेनर लावावा की एकट्यानंच करावं, ठरेना. जिममधले ट्रेनर कृष्णातदादा म्हणाले, "माझ्याकडं ये." मी उसळलो, "मला जोर लावायला माणूस लागत न्हाय!"

ते हसले. "जोर लई हाय की रं तुझ्यात. तुला थांबवायला माणूस लागतोय."

अक्का, तेव्हा आपली विहीर आठवली. मी चिडून उड्यांवर उड्या मारायचो, ओठ निळे पडायचे आणि काठावरून तू ओरडायचीस, "शश्या, बास!"

दोन महिन्यांसाठी दादांना लावलंय. पुढं एकटाच करीन. परवा सुपरवायझर सगळ्यांदेखत टाकून बोलला. मूठ वळली होती, पण मनातच बास म्हणालो आणि पाणी प्यायला गेलो. अनुजालाही आता सारखा फोन लावत नाही. बोलावंसं वाटलं तर कर, एवढंच कळवलंय.

तुझी शांभवी पोहायला शिकली का? माझ्यासारखी हट्टी असेल तर काठावरून हलू नकोस.

तुझाच,
शशी