राबाचा धूर

२६ मार्च, बुधवार

नाय म्हणजे नाय! मी स्टेजवर चढून देवानं माझं काय भलं केलं त्याची साक्ष देणार नाय. साईनाथला सांगून टाकलं.

टोकावड्याच्या मैदानावर तीन दिवसांची संजीवन महासभा आहे. धाकटा साईनाथ तिथल्या स्वयंसेवकांचा पुढारी. सभेला अजून अवकाश आहे, पण गळ्यातलं ओळखपत्र म्हैस धुतानाही काढत नाय! म्हणतो, "आये, तुझी बुधवारची प्रार्थना सध्या बंद ठेव. बाया तिकडं लागतील. गर्दी दिसली पायजे."

मी म्हटलं, "माझ्या पडवीत चार बाया बसतात नि पाचवा येशू. बाया येतील तिकडं. त्याला कोण सांगणार, तू?"

नात भूमिका खो खो हसली. अक्षरं तिनंच शिकवली मला. जोडाक्षरं चुकली तर दोष मास्तरणीचा.

२९ मार्च, शनिवार

साईनाथ म्हणतो, चर्चचे मोठे पाळक मुंबईहून येणार, झोपलेल्या भक्तीत जीव घालणारं संजीवन आणणार. आणणार! टेम्पोत घालून?

आमच्या अंगणात मधोमध लाकडाचं कुंपण आहे. पलीकडं थोरला किशोर, अलीकडं साईनाथ नि मी. पाण्याच्या मोटरीवरून भांडले, तेव्हापासून चार वर्षं दोघं बोलत नाय. माझं लोणचं भूमिका कुंपणावरून काकाला देते. या वर्षी कैऱ्या चांगल्या होत्या, मीठ जरा जास्त झालं — असो. दर बुधवारी मी देवाकडं एवढंच मागते, पोरं बोलू देत.

"आधी दादाशी बोल," मी म्हटलं. "मग लोकांना वाचव."

"ते येगळं, हे येगळं, आये."

काय येगळं रे? एकाच पोटातनं काढले की दोघं!

७ एप्रिल, सोमवार

गेले पहिल्या दिवशी, बघायला. लाल-निळे दिवे, लग्नातपण एवढे नसतात. वडापाव दिला, चांगला होता, उगाच खोटं कशाला लिहू. पाळक गोड बोलतात. मग म्हणाले, डोळे मिटा, नवा जन्म पाहिजे त्यांनी हात वर करा. माझ्या कानाशी डास! हात उचलला तर एक पोरगी धावत आली, "आजी, नाव सांगा!" लिहिलंपण! अगो, तुझी आय जन्मायच्या आधीपासून मी येशूची आहे!

घरी येईपर्यंत हसत होते.

८ एप्रिल, मंगळवार

सभेतले दोघे घरी आले. "आजी, तुमची बैठक आमच्या नावानं घ्या. बॅनर देतो." बॅनर लावू कुठं? माझ्या पडवीला दारपण नाय. चहा पाजून पाठवले.

९ एप्रिल, बुधवार

प्रार्थनेला लहानी आली, गोजर आली. बाकीच्या दोघी सभेत. जाऊ देत. आमी तिघी गायलो, बेसूर, पण मनापासून.

तेवढ्यात धूर! किशोर मैदानाशेजारच्या शेतात राब भाजत होता. भाताची रोपं करायची ती जागा — तिच्यावर शेण, पाला, लाकूड रचायचं, वरनं माती टाकायची नि वाऱ्याच्या उलट्या अंगानं लावायचं. सावकाश जळला की माती खोलवर भाजते. भडकला की नुसता उजेड, खाली तण जिवंत. आज वारा फिरला नि भडकलाच! धूर सगळा सभेवर.

पुढचं सभेला गेलेल्या भूमिकानं सांगितलं. पाळक माइकवर ओरडले, "गौरवाचा मेघ उतरला! हात वर करा!" सगळ्यांनी केले. साईनाथनं नाक वर करून वास घेतला. "मेघ कसला? आमचा राब हाय तो. दादा एकटा हाय तिथं!"

ओळखपत्र खुर्चीवर टाकलं नि पळाला.

१० एप्रिल, गुरुवार

काल दोघं कोळशासारखे काळे होऊन आले. ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवली. साईनाथला भुवया नायत! दोन्ही सुना तोंडाला पदर लावून हसतात.

आज कुंपणापाशी जाऊन किशोरला विचारलं, "बोलला का रे तो?"

"बोलला. म्हणाला, दादा, तू तिकडनं मार, मी इकडनं मारतो."

"मग?"

"मग मारलं."

चार वर्षांनी एवढंच. देवा, एवढं तर एवढं! मी कोपऱ्यात जाऊन रडले, मग भाकऱ्या थापल्या.

सभेवाल्यांचा फोन — तुमच्या पाड्यातनं किती जणांनी येशूचं व्हायचा निर्णय घेतला? साईनाथ म्हणाला, "मला नाय माहीत." मोठे पाळक काल रातीच मुंबईला गेले म्हणे. संजीवन पोचवून!

राब मात्र वाया गेला. वरवर जळला. परत रचायचा तर शेण आहे, पाला आहे, लाकूड नाय. किशोर दिवसभर डोकं खाजवत बसला.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी उठले तर अंगण केवढं मोठं! मला वाटलं, डोळे गेले. कुंपणच नाय! दोघं शेतात राब रचत होते.

"राबाला लाकूड कमी पडलं, आये," साईनाथ म्हणाला.