सासूबाईंच्या फुलदाणीचा तळ

३ मार्च, सकाळी ७
आजपासून नोंदी. विषय : सासूबाईंची निळी फुलदाणी. उंची साडेएकवीस सेंटिमीटर (बायको म्हणते, वीतभर). काचेत बुडबुडे. म्हणजे तोंडाने फुंकलेली, नामांकित कारागिराची. कोणाची, ते पंधरवड्यात सिद्ध करणार. म्युझियमच्या काचविभागाच्या बाईंना पत्र टाकले. माझे आधीचे नऊ निष्कर्ष त्यांनी फेटाळले आहेत. मत्सर.

५ मार्च
फुलदाणी म्युझियमला द्यायला बायको राजी. अट एकच : खालच्या पाटीवर तिच्या आईचे नाव हवे. म्हणाली, आईचं नाव कधी कुठं लागलं नाही, घराच्या दारावरसुद्धा नाही. शब्द दिला. पाटीवर माझे नाव वर असेल, हे सवडीने सांगेन.

८ मार्च
तळ तपासला. मधोमध, फुंकताना काच धरायची सळई तोडल्याची खूण, म्हणजे हातकाम पक्के. उत्तम! पण कडेला बारीक ओरखडे. सासूबाईंनी ओट्यावर फरफटवली असणार. बायको म्हणाली, छे, आई कापडाशिवाय टेकवत नसे. मुलींना आपल्या आईबद्दल असे वाटतेच.

११ मार्च
ओरखड्यांनी निरीक्षणात व्यत्यय. पॉलिशची पावडर आणली.

१२ मार्च
चार तास घासले. बोटे बधिर. तळ आरशासारखा. हे काम दुसऱ्या कुणाचे नव्हे.

१८ मार्च, दुपारी
म्युझियमच्या बाई आल्या. भिंगातून बराच वेळ तळ पाहिला. म्हणाल्या, घाट, रंग, बुडबुडे, सगळं एका कारागीर बाईच्या हातचं वाटतंय, फार थोड्या वस्तू उरल्यात तिच्या. ती तळाच्या कडेला सुईनं सही करायची, अगदी ओरखड्यांसारखी. ती सही कुठाय?
मी म्हणालो, कारागीर कधी कधी विसरतात.
त्यांनी विचारले, तळ कुणी घासलाय का हो?
बायकोने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत होतो.
सहीशिवाय घेता येत नाही, माफ करा वहिनी, एवढे म्हणून बाई गेल्या.

१९ मार्च
कारागीर नामांकित, हा निष्कर्ष बरोबरच होता. दहावा. कुणी लक्षात घेत नाही.


२० मार्च
सकाळी तिने फुलदाणी माझ्या टेबलावर उलटी ठेवली, शेजारी सुई. म्हणाली, जागा केलीच आहे तुम्ही, आता आईचं नाव तरी कोरा.
सुई हातात घेऊन तासभर बसलो आहे. तीस वर्षे त्यांना आईच म्हणत आलो. नाव काय होते, ते कोणत्या तोंडाने विचारू?