खोलीत येणारी रेंज

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार.

"तिथे खरंच बरं चाललंय ना?" असं तू दर फोनवर विचारतेस आणि मला खरं सांगता येत नाही.

माझ्या मोबाइल कंपनीची रेंज फक्त जिन्यात येते. तिथे घरमालकीणबाई भाजी निवडत बसतात. त्या मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या बहीण, म्हणून मी "मजेत" म्हणते. जेवण वेळेवर होतं, काळजी नको. पण शाळेत मुलांना मारतात, आई. मी बोलले की बाकीचे शिक्षक हसतात. कधी वाटतं, उगाच शिकले.

बाबांचा खोकला कमी झाला का?

मोबाइलचा दुकानदार म्हणाला, "ताई, ही दुसरी कंपनी महाग पडेल."
"खोलीत रेंज येते ना? मग द्या."

काल सिम बदललं. नंबर तोच आहे. आता दार लावून बोलेन.

तुझीच,
चिमी