तिन्ही जावांचा एकच नंबर

मंगळवार, संध्याकाळ. पिंप्राळा

चूक माझीच होती आणि मीच ती निस्तरली. आधी हे लिहून ठेवते.

बारा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसल्या, मग क्लाउड सॉफ्टवेअरचा कोर्स केला. पण जिथे जावं तिथे एकच प्रश्न, अनुभव? म्हणून नरडाण्याजवळच्या बायकांच्या मसाला गटाचं काम फुकट घेतलं. वहीतली सभासदांची यादी सॉफ्टवेअरमध्ये चढवायची. कोर्समध्ये शिकवलेला नियम लावला: एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस, तोच नंबर पुन्हा आला की नोंद आधीच्या नोंदीत मिसळायची.

आज तिकडे दाखवायला गेले, तर निम्म्या बायका गायब! गटातल्या थोरल्या अक्का स्क्रीनवर तिघींच्या जागी एकच नाव बघत म्हणाल्या, "आम्ही तिन्ही जावा एक कधी व्हयनूत वं माय?" सगळ्या हसत सुटल्या. तिघींनीही अक्कांच्या मालकांचाच नंबर दिलेला. घरोघरी तेच.

कोर्सवाल्यांना हे ठाऊक नसेल. पण मला? मी इथलीच ना?

घाबरले मात्र नाही. मूळ यादी जपून ठेवली होती. नियम काढला, प्रत्येकीला स्वतःचा सभासद क्रमांक दिला, यादी पुन्हा चढवली. अक्कांनी तिन्ही नावं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. "आते बठ्ठ्या शेतस." आता सगळ्या आहेत.

आता सांगायला अनुभव आहे. जळगावच्या कंपनीचा अर्ज भरून ठेवलाच होता, पाठवण्याआधी एकदा वाचला. मोबाइल नंबरच्या रकान्यात, सवयीनं, ह्यांचा नंबर.

खोडला. माझा टाकला. मग पाठवला.