पेशंटसोबत कोण आहे?

मंगळ., ६ जाने.

आज दिवसभरात तीन हार्ट अटॅक, एक मोडलेला हात आणि एकदा साखर वाढून चक्कर. सगळं मलाच. संध्याकाळी क्लासचा जिना उतरताना खरोखरच पाय जड झाले होते.

नर्सेसची नवी बॅच. परदेशी जायचं तर तोंडी परीक्षा द्यावी लागते. हातात कार्ड, समोर खोटा पेशंट, आणि पाच मिनिटं त्याच्याशी इंग्रजीत बोलायचं. इथं सरावासाठी खोटा पेशंट मी. वीस वर्षं इंग्रजी बोलायला शिकवताना ‘मायसेल्फ अमुक तमुक’ ऐकून कान किटले होते, त्यापेक्षा कण्हणं बरं.

शेवटी आली ती रेश्मा मुल्लाणी. माहेर बिद्रीकडचं, सासर कळंब्यात. सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. आवाज असा की खालच्या झेरॉक्सवाल्यालाही धडा झाला असणार. वाचणं, लिहिणं, ऐकणं यांत पास, बोलण्यात मागच्या वर्षी नापास. का, ते तिला अजून कळलेलं नाही. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलनं जागा धरून ठेवलीय, पण ती याच परीक्षेपुरती. १ फेब्रु., पुणे. या वेळी गेलं की गेलं.

मी विव्हळत म्हणालो, सिस्टर, आय ॲम स्केअर्ड ऑफ द ऑपरेशन.

ती तडक: “हू इज विथ यू? कॉल युवर रिलेटिव्ह.”

मी हसलो. ती हसली नाही.

गुरु., ८ जाने.

रेश्माची तीन कार्डं घेतली. एकात दुखणं, एकात घरी सोडणं, एकात वाईट रिपोर्ट. तिन्ही वेळा दोन वाक्यं बोलली की गाडी तिथंच. सोबत कोण आहे, बोलवा त्यांना. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम म्हणालो, नो वन. आय ॲम अलोन. तिनं मग कार्ड उलटं करून बघितलं, मागं कुणी नातेवाईक आहे का म्हणून.

“सर, नातेवाइकाशिवाय पेशंट ॲडमिटच हुईत न्हाय वो आमच्याकडं.”

मागच्या वर्षी काय झालं ते तिथंच उमगलं. इंग्रजी चांगलं आहे, बिनधास्त आहे. पण कार्डावरच्या माणसाशी ती बोलतच नाही, त्याच्या पोराला शोधत बसते. तिकडं हे चालत नाही. तिकडं पेशंट म्हणजे पेशंट. त्याला विचारायचं, त्याला सांगायचं, आणि तो म्हणाला तरच घरच्यांना. ऐकणाऱ्याला वाटलं असणार, बाईला समोरचा माणूस दिसतच नाही.

दिसतो मात्र सगळा. निघताना माझ्या पायाकडं बघून म्हणाली, “घोट्यावर सूज हाय सर तुमच्या. लोणचं बंद करा.” लोणच्याचं हिला कुणी सांगितलं?

रवि., ११ जाने.

शब्दांची चाचणी. डॉक्टरी शब्द तिला सगळे येतात. पेशंटला कळतील असे येत नाहीत. ‘निल बाय माउथ’ नको, ‘डोंट ईट ऑर ड्रिंक एनीथिंग’ म्हणा. हे पन्नासदा.

मग दुखण्याचे शब्द. म्हटलं, तुमचे पेशंट काय काय सांगतात ते सांगा, आपण इंग्रजी शोधू. सुरूच झाली. ठणकतंय. कळ मारतीय. चमक निघतीय. भगभगतंय. मुंग्या आल्यात. वळतंय. प्रत्येक शब्दाला हात वेगळा, तोंड वेगळं. ठणकतंय म्हणताना मूठ उघडझाप, चमक म्हणताना खांद्यापासून बोटापर्यंत झटका. बाकीच्या पोरी वह्या मिटून बघत बसल्या. थ्रॉबिंग, शूटिंग, बर्निंग, टिंगलिंग, क्रॅम्प, इथवर मी पुरा पडलो.

“आन शिणलंय?”

टायर्ड, म्हणालो.

“न्हाय सर. टायर्ड झोपलं की जातंय. शिणलेलं झोपून जात न्हाय.”

दोघांनी डोकं खाजवलं. सापडला नाही शब्द. इतका चांगला तास बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

बुध., १४ जाने. संक्रांत

आज तिला स्पष्ट सांगितलं. आधी पेशंट, नातेवाईक नंतर. हे बदललं नाही तर पुन्हा नापास.

भडकली. “म्हंजे सत्तर वर्षाच्या म्हाताऱ्याला एकटं गाठायचं आन तोंडावर सांगायचं, तुमचं असं असं हाय? त्यो तिथंच गार पडला तर? त्येची पोरं मला सोडतील व्हय?”

म्हटलं, नियम आहे.

“नियम आसंल. पर माणूस एकटा नसतोय की वो सर.”

चिडलो मी. अजून चिडलेलोच आहे. कोल्हापुरापुरतं तिचं खरं आहे, पण मार्क कोल्हापूर देणार नाही.

घरी येऊन तिळगुळाचे लाडू एकामागून एक. आमची सु. म्हणाली, गोड बोलायचं म्हणून असतात ते, तुम्ही नुसते खाताय.

सोम., १९ जाने.

फोनवर सराव. आतल्या खोलीत दार लावून विव्हळत होतो. सु. धावत आली, पाण्याचा तांब्या घेऊन. खरंच छातीत दुखतंय वाटलं तिला. हातानंच खूण केली, खोटं आहे. तर तिथंच बसली ऐकत.

रेश्मानं आज तो प्रश्न नाही विचारला. पण बाकीही काही नाही. “आय अंडरस्टँड युवर कन्सर्न.” “डोंट वरी, सर.” बँकेच्या फोनवर रेकॉर्ड लावतात ना, तसं. वाईट वाटलं. चांगल्या बोलत्या बाईला मी शिकवून शिकवून मुकं केलं. बारा-तेरा दिवस उरले आणि आधीपेक्षा गाडी मागं.

तेवढ्यात सु.नं फोन काढून घेतला माझ्या हातातून. मला वाटलं, तिळगूळ द्यायला ये म्हणून सांगतेय. तर म्हणाली, “बाळा, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे ह्यांच्याशी, माझ्या भावाशी, दिराशी बोलायचे. माझ्या खाटेवरनं पलीकडं. मी मधे पडून ऐकायची. पोट माझं होतं. एकदा कुणी वाकून विचारलं असतं ना, बाई, तुला काय वाटतंय, तर मी अर्धी बरी झाले असते.”

मग रेश्मा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हळू आवाजात: “व्हय काकू.”

लग्नाला चोवीस वर्षं झाली. मला हे आज कळलं.

शनि., २४ जाने.

रेश्मा क्लासला उशिरा आली, युनिफॉर्मवरच. चेहरा लाल. म्हटलं, झालं काय? कार्ड बाजूला ठेवा म्हणाली, आधी ऐका.

तिच्या वॉर्डात साखरेचे एक आजोबा. पायाची दोन बोटं काळी पडलेली, काढायचीच आहेत. पोरांनी त्यांना सांगितलेलं, नुसतं साफ करणार हायत. थोरला म्हणाला, सही मीच करतो, बाबांना काय कळू देऊ नका. एरवी हिनंही तेच केलं असतं, तिनं स्वतःच सांगितलं. आज नाही केलं. डॉक्टरांना जाऊन म्हणाली, आजोबा शुद्धीत हायत, पाय त्यांचा हाय, त्यांना विचारल्याशिवाय मी पुढं जाणार न्हाय. डॉक्टर आले. ती स्टूल ओढून आजोबांच्या उशाशी बसली आणि सगळं सांगून होईपर्यंत उठली नाही.

पोरांनी दंगा केला. बाहेर आल्यावर थोरला अंगावर धावून आला, माणसं मधे पडली. मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं. “नोकरी करायची हाय का न्हाय, म्हणाल्या.”

आणि आजोबा?

“आजोबा घटकाभर पायाकडंच बघत हुते. मग मला म्हणाले, ताई, बोटं काढल्यावर टाकणार कुठं तुमी? त्ये सांगा, मग सही करतो.”

सांगितलं?

“सांगितलं की. सगळं सांगितलं, कुठल्या पिशवीत घालतात, कुठं जातं, कोण नेतं. डोळं मिटून ऐकलं त्यांनी. मग सही केली, सावकाश, पूर्ण नाव. आन पोराला म्हणाले, गप बस आता, पाय माझा हाय.”

हे सांगताना रडली थोडी. मग म्हणाली, “द्या कार्ड.”

मी या बाईला शिकवतो म्हणे. परीक्षेसाठी अंगवळणी पाडायला सांगितलेली गोष्ट हिनं सरळ नोकरी पणाला लावून खऱ्या माणसावर करून बघितली. मला जमलं नसतं. अंगात तेवढी धमक नाही.

मंगळ., २७ जाने.

दोन कार्डं. एकदाही ‘सोबत कोण’ नाही, आणि अवघडलीही नाही. खुर्ची जवळ घेतली, आधी नाव विचारलं, मग म्हणाली, व्हॉट इज वरिइंग यू द मोस्ट? आणि थांबली. हे थांबणं तिला कुणी शिकवलं नाही. मी तर नाहीच.

उत्तर द्यावंसं वाटलं खरोखर. कार्डावर नव्हतं असं काहीबाही बोलून गेलो. इंग्रजीत होतं म्हणून निभावलं. इथं लिहीत नाही.

लोणचं बंद आहे. सूज कमी.

शुक्र., ३० जाने.

क्लासवर रेश्माच्या सासूबाई. डोक्यावर पदर, हातात डबा. आत येईनात, दारातच उभ्या. “सर, पास हुईल न्हवं आमची पोरगी?”

म्हटलं, तयारी चांगली आहे.

“नात दुसरीत हाय. ही पुढं गेली की तिचं मीच बघणार, बोलावून घेईपतूर. समदं ठरलंय. निस्तं तुमी व्हय म्हणा.”

व्हय म्हणालो. म्हणायला नको होतं, पण त्या बाईंच्या तोंडाकडं बघून दुसरं काही निघेना.

डब्यात शिरखुर्मा. सु.नं वाटी लपवली, साखर म्हणून. मग दोघांनी मिळून संपवला.

रवि., १ फेब्रु.

सकाळपासून सु. देवापाशी आणि मी फोनपाशी. संध्याकाळी रेश्माचा फोन, कराडच्या स्टँडवरून. मागं कंडक्टरची आरडाओरड.

पहिलं कार्ड छान. दुसरं: वयस्क बाई, छातीत गाठ निघालीय, रिपोर्ट वाईट. आणि बाईचं म्हणणं, माझ्या मुलीला यातलं काही सांगायचं नाही.

नेमकं हेच यावं.

“न्हाय सांगणार म्हटलं सर. शब्द दिला. परत मुलीचं नावसुदिक काढलं न्हाय. काय भ्या वाटतंय विचारलं, पुढं काय काय हुईल सांगितलं, सोप्या शब्दात. समदं केलं तुमी सांगितलेलं.”

मग?

“मग शेवटी राहवंना सर. विचारलं. हू विल बी विथ यू?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाई बघत बसली माझ्याकडं. मग म्हणाली, माय सिस्टर, मेबी. मी म्हटलं, गुड, शल वी कॉल हर टुगेदर? आन टाइम संपला.” मग एकदम: “चुकलं का वो सर?”

काय उत्तर दिलं ते धड आठवत नाही. गाडी लागली, बस निघाली, फोन तुटला.

सोम., २ फेब्रु.

तेच डोक्यात. समोर बसलेली बाई मार्क देत नाही. रेकॉर्डिंग जातं, दूर कुठंतरी कुणीतरी कानाला लावून ऐकतं. त्याला काय ऐकू येईल? हिला पुन्हा नातेवाईकच आठवले, असं? का आणखी काही?

मी असतो तर काय दिलं असतं? महिन्याभरापूर्वी सरळ कापले असते मार्क. आज हात धजणार नाही. त्या बाईला मुलगी सोबत नको होती, पण एकटंही राहायचं नव्हतं. कार्डावर यातलं एवढंच होतं की मुलीला सांगू नका. बाकीचं रेश्माला ऐकू आलं. मी पेशंट झालो असतो तर मलाही कळलं नसतं की मी असं म्हणतोय.

सु.ला विचारलं. म्हणाली, “मला कुणी विचारलं असतं तर मी पण बहिणीचंच नाव सांगितलं असतं.” माझ्याकडं बघितलंही नाही म्हणताना, भाजी निवडत होती.

फार अभिमान वाटतो या पोरीचा. आणि भीती.

मंगळ., १७ फेब्रु.

दुपारी एकला रेश्माचा मेसेज.

“सर रिझल्टचा मेल आलाय. अजून उघडला न्हाय. एका काकांना आत्ताच ऑपरेशनला आत घेतलंय, काकू बाहेर एकट्याच हायत. हात सोडंनात माझा. त्यांच्याजवळ बसलेय. काका बाहेर आले की बघते.”

क्लासमध्ये पोरी आल्या होत्या. एकीनं कार्ड घेतलं, मी पोट धरलं, तिनं काय विचारलं मला ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारा म्हटलं. दोनदा.

सव्वातीनला सु.चा फोन. उघडला का तिनं?

म्हटलं, नाही. ऑपरेशन चालू आहे अजून.