कापसातली जीप

मी, वामनराव माधवराव निखाडे, वय ७१ वर्षे, धंदा शेती, राहणार मुकुटबन, तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाने नव्हे आणि कोणाच्या गोड बोलण्यानेही नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांनी माझ्या छातीत दोन स्प्रिंगा टाकल्या आहेत. डोक्याला त्यांनी हात लावलेला नाही. मधेमधे मी जादा लिहिले आहे ते वकीलसाहेबांना पसंत नाही. मृत्यू माझा, पत्र माझे. त्यांनी शुद्धलेखन तेवढे पाहावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सौ. कोकिळा हिला द्यावी. तिच्या हयातीत तिला विचारल्याशिवाय घरातले पातेलेही कोणी हलवू नये. चाळीस वर्षे तिने माझा गाड्यांचा नाद सोसला. "जीव जाईन तुमचा एक दिवस त्या डबड्यात," असे ती म्हणते. तो अजून गेलेला नाही, याची नोंद घ्यावी.

२. शेत मुलगा कपिल ऊर्फ बंटी व मुलगी अपेक्षा यांना समसमान. "तिचे लग्न झाले" हे कारण बंटीने पुढे करू नये. लग्न त्याचेही झाले आहे, आणि जेवण माझ्याच खर्चाने झाले.

३. पान्यांचा संच, जॅक व हातपंप अपेक्षाला. बंटीला पाना उलटा धरता येतो, सुलटा नाही.

४. जुनी जीप भंगारात विकावी असे बंटीच्या मनात आहे. ती त्याला मिळणार नाही. जीप डोमाजी सीताराम पाझारे, गॅरेजवाले, राहणार लोहारा, यांना द्यावी. डोमाजी माझा शाळेपासूनचा दोस्त. सहा वर्षे झाली, आमचे बोलणे नाही. चूक माझी आहे, आणि ती मरायच्या आधी कागदावर यावी म्हणूनच ही एवढी लांबण लावली आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत हौशी लोकांची दोन दिवसांची मोटर रॅली झाली. शनिवारी लोहाऱ्याहून निघून फेरी मारून तिथेच परत, रविवारी ढाणकीपर्यंत. मी चालवणार, अपेक्षा शेजारी बसून रस्त्याची वही वाचणार, डोमाजी दुचाकीवर हत्यारे घेऊन मागून येणार. आमचा संघ एवढाच. शुक्रवारी डोमाजीने विचारले, "वामन्या, जीप कापसात तं नाई ठेवली ना बे?" मी म्हणालो, "मी काय येडा हाय का?" खरे असे की भाव नव्हता म्हणून सगळा कापूस घरीच होता, आणि जीप बोनेटपर्यंत त्यात पुरलेली होती. त्याच सकाळी उपसून बाहेर काढली होती.

शनिवारी दहा मैलांत इंजिन तापले. नळी फाटली, वाफेने काही दिसेना. कसेबसे लोहाऱ्याला आलो. डोमाजीने बोनेट उघडले, तासभर रेडिएटरशी खटपट केली, मोटारपंपाच्या पाइपाचा तुकडा कापून नळी जोडली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पंख्याचा पट्टा ढिला राह्यला होता. माहीच चूक." ते ऐकून मला चेवच चढला. पंधरा-वीस माणसांत मी त्याला म्हणालो, "तुझ्या हाताला यश नाही. यापुढे माझ्या गाडीला हात लावू नको."

रविवारी तो तरीही मागून आला. ढाणकी दोन कोस राहिली असताना ॲक्सिलरेटरची केबल तुटली. डोमाजी उतरला, हात पाठीमागे बांधून उभा राहिला. अपेक्षा म्हणाली, "काका, या ना." तो म्हणाला, "मले हात लावाले मनाई हाय. मी सांगतो, तू बांध." त्याने सांगितले, तिने कार्बोरेटरला नायलॉनची दोरी बांधून खिडकीतून आत घेतली. मी "ओढ!" म्हणालो की तिने ओढायची, "सोड!" म्हणालो की सोडायची, आणि दुसऱ्या हाताने वही वाचायची. सतरा गाड्यांत आमचा नंबर चौदावा आला, पण वेळेत पोचलो. अपेक्षा खिडकीतून आनंदाने ओरडत होती. फोटो काढताना डोमाजी निघून गेला होता.

सोमवारी मी जीप धुतली. रेडिएटरच्या मागच्या कोपऱ्यात हात घातला तर कापूस निघाला. पट्टा वगैरे काही नव्हते. गाडी माझ्या कापसाने आणि माझ्या खोट्याने तापली होती. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. सहा वर्षे हेच करत आलो. मला लाज वाटते, डोमाजी.

५. पुरवणी. वरील मजकूर वाचून दाखवायला आज मी डोमाजीला बोलावले. येईल असे वाटले नव्हते. आला. पूर्ण ऐकून म्हणाला, "मले तवाच दिसला होता कापूस. मूठमूठ काढला, खिशात कोंबला. पोरगी बाजूला उभी होती. तिच्यासमोर बाप खोटा पडते, म्हणून पट्ट्याचं नाव घेतलं. तू येशीन, सांगशीन, याची वाट पाहून राह्यलो होतो." मी रडलो. वकीलसाहेबांनी तेवढा वेळ कॅलेंडर पाहिले.

मग मी त्याला साक्षीदार म्हणून सही मागितली. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार करू नये. डोमाजी म्हणाला, "मंग ते कलम खोडा. तुया मरायची वाट कोण पाहीन? गाडी आजच दे. फेब्रुवारीत रॅली हाय. पोरगी चालवन, तू वही वाच." कोकिळा आतून म्हणाली, "आता दोघं मिळून मारता का मले?" पण चहा तिनेच टाकला.

सबब कलम ४ रद्द. जीप आज हयातीतच दिली. कलम वाचता येईल असेच खोडावे.

ठिकाण: मुकुटबन. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.

सही: वामनराव माधवराव निखाडे

साक्षीदार:
१. ममता देवीलाल राठोड, शेजारीण
२. डोमाजी सीताराम पाझारे, गॅरेजवाले (सहीवरील काळा डाग ग्रीसचा आहे, खाडाखोड समजू नये.)