मोटारसायकलीची विलायती ढाल

शहापूर,
आश्विन शु. १२, सन १९८१

॥ श्री गणेश प्रसन्न ॥

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर धाकट्या सुशीलेचं डोकं. आम्ही सारे देवाच्या दयेनं धडधाकट आहोत. तुमची पाठदुखी आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावं. आंतर्देशीय पत्रात जागा थोडी आणि आभार पुष्कळ, म्हणून अक्षर बारीक काढते. चष्मा लावून वाचावं.

दादा, तुम्ही आमच्या ह्यांना तुमची जुनी मोटारसायकल दिलीत, ते उपकार कसे फेडू? (देताना तुम्ही म्हणाला होतात की गाडी विलायती, लांबच्या प्रवासाची, आणि समोरची ती काच लावलेली हिरवी ढाल तर खास बोटीनं आलेली.) ढाल भारी जड आहे, हँडल वळवताना ह्यांना अडेल बैल वळवल्यासारखा जोर लावावा लागतो. पण मागच्या पावसाळ्यात भंडाऱ्याहून येताना म्हैस आडवी आली, तेव्हा ढालीला पोचा पडला आणि ह्यांचे गुडघे शाबूत राहिले. (म्हशीलाही काही झालं नाही. ती रवंथ करत ह्यांच्याकडे पाहत होती म्हणे.) तेव्हापासून सांजवात लावताना मी तुमचं नाव घेते.

तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरचे एक साहेब आले. जुन्या गाड्या ओळखण्याचा त्यांना नाद आहे. त्यांनी गाडीला अशा प्रदक्षिणा घातल्या की सासूबाईंनी मला नारळ आणायला सांगितला. इंजिनावरचा नंबर, सांगाड्यावरचा नंबर, मैलांचं घड्याळ, दोन सायलेन्सर, सगळं पाहून म्हणाले, गाडी अस्सल इंग्लंडची आहे. अडले ते ढालीपाशी. ढाल मूळ गाडीची नव्हे, मागाहून बसवलेली. पण इतकी जाड ढाल त्यांनी कुठंच पाहिली नव्हती, म्हणजे फार दुर्मिळ असणार. कुणी घडवली त्याचं नाव रंगाखाली ठोकलेलं सापडेल, म्हणाले. पूजेसाठी गाडी घासायचीच होती. मी रॉकेल आणि राख घेऊन बसले. हिरवा रंग सुटला, खालून पिवळं निघालं. आता पितळ दिसल्यावर बाईचा हात चिंचेकडे जाणारच. चिंचेनं घासता घासता काचेखाली टिंबाटिंबांची अक्षरं उमटली. साहेबांनी भिंग लावलं आणि इटालियन आहे म्हणाले. इटालियन कसलं, मराठीच, पण उलटी! मी डोकं जवळजवळ जमिनीला लावून वाचलं: ‘चि. सुशीला हीस मामा गोमाजी यांजकडून लग्नप्रीत्यर्थ.’

दादा, ते माझं गंगाळ! लग्नात मामांनी दिलेलं, वरातीच्या बंडीत मावलं नाही म्हणून माहेरी राहिलेलं, आणि पुढं चोरीला गेल्याचं तुम्ही कळवलेलं. तेव्हापासून दर दिवाळीला आंघोळीचं पाणी काढताना सासूबाई म्हणायच्या, “तुह्या मामाचं गंगाळ दिसून नाही राहिलं माय, हवेत उडालं का?” माहेरची बाजू घ्यायला माझ्या हातात होतं काय? आता सासूबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं, डोळे पुसले. “काहून वं सुशीला, मामानं तं खरंच देल्लं होतं!” मग साहेबांकडे वळून, “आमच्या सुनेचं हाये. हात नोका लावू.” साहेब चहा घेऊन गेले, दुर्मिळचं नाव पुन्हा काढलं नाही.

मला राग नाही, देवाशपथ. ते गंगाळ तेव्हाच घरी आलं असतं तर एव्हाना गळून मोडीत गेलं असतं. तुम्ही ते कापून, ठोकून घेतलंत म्हणून मामांची भेट ह्यांच्या गुडघ्यांच्या कामी आली. (कारागिराला माझी शाबासकी सांगावी, अजून कुठं सांध्याचा डाख सुटलेला नाही.) दसऱ्याला सासूबाईंनी सोनं आधी ढालीला वाहिलं, मग देवाला. आळीतल्या बाया दर्शनाला येऊन राहिल्या आहेत.

तुमची ऋणी,
सुशीला

ता. क. सासूबाईंना दिवाळीची आंघोळ त्याच गंगाळातल्या पाण्यानं करायची आहे, आणि हे ढाल सोडायला तयार नाहीत. भाऊबीजेला येऊन निवाडा तुम्हीच करावा. ओवाळणी नको.

ता. क. (घडीवर लिहिते) मामींनी दिलेली मोठी पितळी परातही त्याच चोरीत गेल्याचं तुम्ही कळवलं होतं. तुमच्या नव्या गाडीला समोर गोल ढाल आहे असं ऐकते. गाडी घेऊनच यावं. मी चिंच भिजत घालून ठेवते.